पित्ताच्या गोळ्या आणि बाकीची औषधं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गोव्यात फोंड्याला फार्मसीत काम करते. खालचे प्रश्न काउंटरवर आणि व्हॉट्सॲपवर इतक्या वेळा येतात की शेवटी एकदाच नीट लिहून ठेवायचं ठरवलं. आपल्याकडे पित्ताची गोळी म्हणजे साधीसुधी, कुणीही घ्यावी, कशाबरोबरही घ्यावी असं धरून चालतात, आणि डॉक्टर "अजून काय चालू आहे?" असं विचारतात तेव्हा लोक शुगरची सांगतात, प्रेशरची सांगतात आणि नेमकी हीच सांगायची राहते. प्रश्न आले तसेच ठेवलेत, फक्त नावं काढलीत. हे वाचून डॉक्टरने दिलेली गोळी स्वतःहून बंद करू नका, आधी विचारा.

१. पॅन, ओमेझ, रॅनटॅक, जेलुसिल, इनो हे सगळं एकच ना? नावं फक्त वेगळी?

नाही, आणि इथेच अर्धा घोळ होतो. जेलुसिल, डायजिन, इनो हे अँटासिड, म्हणजे पोटात आधीच तयार झालेलं आम्ल तिथल्या तिथे मारतात, काही मिनिटांत बरं वाटतं आणि एक-दोन तासांत परिणाम ओसरतो. रॅनटॅक (रॅनिटिडीन) आणि फॅमोटिडीन हा दुसरा गट, हे आम्ल तयार होणं कमी करतात आणि साधारण दहा-बारा तास चालतात. ओमेझ (ओमेप्राझोल), पॅन (पॅन्टोप्राझोल), रॅबेप्राझोल, एसोमेप्राझोल हा तिसरा गट, यांना पीपीआय म्हणतात. हे आम्ल बनवणारा पंपच बंद पाडतात, म्हणून गोळी रक्तातून दोन-चार तासांत निघून गेली तरी परिणाम दिवसभर आणि त्याहून जास्त राहतो. पूर्ण जोर यायला तीन-चार दिवस लागतात. आता वोनोप्राझान नावाची नवीन गोळीपण आलीय, पुढचं वाचताना तिला तिसऱ्या गटातच धरा कारण आम्ल तीही जोरात कमी करते.

२. पण गोळी पोटातल्या आम्लावर काम करते, मग थायरॉईडच्या नाहीतर हृदयाच्या गोळीशी तिचा काय संबंध?

तीन वाटांनी संबंध येतो. हे एवढं एक उत्तर नीट वाचलंत तर बाकीची अर्धी उत्तरं तुमची तुम्हीच द्याल.

पहिली वाट चिकटण्याची. अँटासिडमध्ये ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम असतं आणि ते काही औषधांना पोटातच धरून ठेवतं, मग ते औषध रक्तात न जाता शौचावाटे निघून जातं. दुसरी वाट आम्लाची. काही औषधांना विरघळायला आम्ल लागतंच, आम्ल कमी झालं की गोळी पोटात जाते पण अंगाला लागत नाही. तिसरी वाट लिव्हरची. ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोल लिव्हरमधलं एक एन्झाइम अडवतात, त्याच एन्झाइमवर दुसरी काही औषधं अवलंबून असतात, त्यामुळे कुणाचं प्रमाण वाढतं तर कुणाचं कामच सुरू होत नाही.

३. मग दोन तासांचा गॅप ठेवला की झालं ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि "हो" असं सरसकट उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. चिकटणारी वाट असेल तर गॅपने काम होतं, कारण दोघं एका वेळी पोटात भेटलेच नाहीत तर चिकटणार कसे. पण औषधाला आम्ल लागत असेल आणि तुम्ही पॅन घेत असाल तर पॅन सकाळी आणि ते औषध रात्री घेऊनसुद्धा फारसा फरक पडत नाही कारण आम्ल रात्रीपण कमीच असतं. लिव्हरच्या वाटेलाही तेच, गॅपने काही होत नाही. म्हणजे जेलुसिलसाठी गॅप हा उपाय आहे, पॅन-ओमेझसाठी बहुतेक वेळा नाही, तिथे औषध बदलणं, डोस बदलणं नाहीतर रक्त तपासून लक्ष ठेवणं हे डॉक्टरला करावं लागतं. खाली प्रत्येक ठिकाणी कुठली वाट आहे ते सांगत जाते.

४. थायरॉईडची गोळी आणि पॅन दोन्ही उपाशीपोटी घ्यायला सांगितल्यात. आधी कुठली?

आधी थायरॉईडची. उठल्या उठल्या नुसत्या पाण्याबरोबर थायरोनॉर्म नाहीतर एल्ट्रॉक्सिन जी असेल ती, मग अर्धा-पाऊण तास थांबून पॅन, मग परत अर्ध्या तासाने चहा-नाश्ता. सकाळी कामावर जायची घाई असते, पोरांचे डबे असतात, हे जमत नाही असं बायका मला सांगतात आणि ते अगदी खरं आहे. अशा वेळी पॅन रात्रीच्या जेवणाआधी अर्धा तास घेतली तर चालेल का ते डॉक्टरला विचारा, बऱ्याच जणांना ते सोयीचं पडतं.

पण वेळ सांभाळली म्हणून विषय संपत नाही, कारण थायरॉक्सिनला नीट विरघळायला आम्ल लागतं (दुसरी वाट). पॅन नवीन चालू झाली असेल तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) तपासून घ्या. वर्षानुवर्षं एकाच डोसवर टीएसएच नीट असलेल्या बाईचा अचानक वाढतो, केस गळतात, थकवा येतो, मग थायरॉईडचा डोस वाढवतात आणि मध्ये पॅन सुरू झाली होती हे कुणी विचारतच नाही. उलटही लक्षात ठेवा, पॅन बंद केली की तोच वाढवलेला डोस जास्त होऊ शकतो, धडधड सुरू होते. तेव्हा बंद केल्यावरपण तपासा.

जेलुसिल, कॅल्शियम, लोहाची गोळी यांच्यात आणि थायरॉईडच्या गोळीत मात्र चार तास हवेत, दोन नाहीत.

५. माझी सून गरोदर आहे, लोहाची गोळी, कॅल्शियमची गोळी आणि छातीत जळजळ म्हणून सिरप, सगळं एकदम देऊ का?

एकदम देऊ नका, लोह वाया जाईल. लोह आणि अँटासिड वेगळे ठेवायचे, लोह आणि कॅल्शियमही वेगळे ठेवायचे, किमान दोन तास. सोपं म्हणजे लोह सकाळी मधल्या वेळेत लिंबूपाण्याबरोबर, कॅल्शियम दुपारी जेवणाबरोबर आणि सिरप रात्री. लोहाच्या आगेमागे चहा नको, चहानेपण लोह कमी लागतं.

डॉक्टरने रोजची पॅनसुद्धा दिली असेल तर गॅपचा उपयोग नाही (प्रश्न ३). लोह अंगाला लागायला आम्ल लागतं, त्यामुळे गोळ्या इमाने-इतबारे घेऊनही हिमोग्लोबिन चढत नसेल तर "ती गोळ्या टाकून देत असेल" असा संशय घ्यायच्या आधी पॅन चालू आहे का ते बघा आणि डॉक्टरला सांगा. कॅल्शियमचंही तसंच, शेलकलसारख्या गोळीत कॅल्शियम कार्बोनेट असतं आणि त्याला आम्ल हवं, म्हणून ती जेवणाबरोबर घ्यायची, आणि रोज पीपीआय चालू असेल तर कॅल्शियम सायट्रेट मिळतं ते जास्त बरं. गरोदरपणी इनो आणि खायचा सोडा टाळा, त्यात सोडियम खूप असतं, पायांना सूज आणि प्रेशर वाढायची भीती.

६. अँटिबायोटिक घेताना पोट जळतं म्हणून वरून जेलुसिल प्यालं तर चालतं का?

कुठलं अँटिबायोटिक ते बघावं लागेल. सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन हे ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमला असे चिकटतात की औषधाचा मोठा भाग वाया जातो, ताप नाहीतर लघवीचं इन्फेक्शन तसंच राहतं आणि आपण म्हणतो औषध लागू पडलं नाही. सिप्रो असेल तर ती जेलुसिलच्या आधी दोन तास नाहीतर नंतर सहा तास. दुधाबरोबरही घेऊ नका.

डॉक्सीसायक्लिनबद्दल जरा जास्त सांगते कारण पावसाळ्यात आपल्याकडे लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) भीती असते, शेतात चिखलात उतरणाऱ्यांना डॉक्टर आठवड्यातून एकदा घ्यायला डॉक्सी देतात. ही गोळी कोरड्या घशाने नाहीतर घोटभर पाण्याने घेऊन लगेच आडवं झालं तर अन्ननलिकेत अडकते आणि तिथे जखम करते, भयंकर जळजळ होते, मग माणूस जेलुसिल पितो आणि जेलुसिल उरलेल्या डॉक्सीलाच चिकटतं. म्हणजे लेप्टोपासूनचं रक्षणही गेलं आणि जखमपण झाली. म्हणून डॉक्सी जेवल्यावर, पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर घ्या, पुढचा अर्धा-एक तास बसून नाहीतर उभं रहा, आणि जेलुसिल, लोह, कॅल्शियम यांच्यापासून दोन-तीन तास लांब ठेवा. आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, तेवढी नीट घेणं जमतं.

अमॉक्सिसिलिनला अँटासिडचा विशेष त्रास नाही.

७. मग प्रत्येक अँटिबायोटिकबरोबर पॅन घ्यायलाच हवी का? चिठ्ठीवर असतेच.

असते, पण बहुतेकांना गरज नसते. अँटिबायोटिकमुळे होणारी मळमळ आणि जुलाब हे आम्लामुळे नसतातच, पॅनने ते थांबत नाहीत. उलट आम्ल हे पोटाचं जंतूंविरुद्धचं संरक्षण आहे, ते कमी केलं की जुलाबाची इन्फेक्शनं वाढतात हे माहीत असलेली गोष्ट आहे. आधी अल्सर झालेला असेल, वय जास्त असेल, बरोबर वेदनाशामक गोळ्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर पॅन बरोबर आहे. तरुण धडधाकट माणसाला पाच दिवसांच्या अँटिबायोटिकसाठी कशाला हवी, हे डॉक्टरला नम्रपणे विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

८. बाबांना स्टेंट घातलाय, क्लोपिडोग्रेल चालू आहे. घरात ओमेझ आहे ती दिली तर?

ओमेझ देऊ नका. क्लोपिडोग्रेल गिळतो तेव्हा ते झोपलेलं असतं, लिव्हरमधल्या एन्झाइमने त्याला जागं केलं की मग ते रक्ताच्या गाठी होऊ देत नाही, आणि ओमेप्राझोल, एसोमेप्राझोल नेमकं तेच एन्झाइम अडवतात. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषध यंत्रणा) २००९ सालीच सांगितलंय की ही जोडी टाळा आणि वेगवेगळ्या वेळी घेऊनही उपयोग नाही. पॅन्टोप्राझोलचा या एन्झाइमवर परिणाम बराच कमी, म्हणून स्टेंटवाल्यांच्या चिठ्ठीवर साधारण पॅन दिसते.

आता हे वाचून पॅनच बंद करून टाकाल तर ती दुसरी चूक. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू असताना पोटात रक्तस्राव व्हायचा धोका खराखुरा असतो आणि पॅन त्यासाठीच दिलेली असते. नाव बघून द्या, बदल करायचा तर हृदयाच्या डॉक्टरला विचारून. फार्मसीत "पॅन नाही, हे घ्या, सेमच आहे" असं म्हणून एसोमेप्राझोल हातात आलं तर घेऊ नका.

९. इकोस्प्रिन आणि जेलुसिल?

इकोस्प्रिनवर एक आवरण असतं, ते पोटात विरघळू नये, पुढे आतड्यात विरघळावं म्हणून. अँटासिडबरोबर घेतली की आवरण पोटातच सुटतं आणि ॲस्पिरिन थेट पोटाच्या अस्तरावर. दोन तास लांब ठेवा. बद्धकोष्ठाच्या बिसाकोडिलच्या गोळीलाही असंच आवरण असतं, ती दूध आणि अँटासिडबरोबर घेतली की पोटात मुरडा येतो.

१०. शुगरची मेटफॉर्मिन आणि पॅन दोन्ही कैक वर्षं चालू आहेत. काही होतं का?

एकमेकांशी भांडत नाहीत, पण दोघं मिळून बी-१२ खाली आणतात. मेटफॉर्मिनने ते शोषणं कमी होतं आणि आम्ल नसलं की अन्नातून बी-१२ सुटंच होत नाही. पीपीआय दोन वर्षांच्या वर चालू असेल तर धोका वाढतो, आणि माणूस शाकाहारी असेल तर अजून. हे मुद्दाम लांबवून सांगते कारण आयसीएमआर-इंडिॲबच्या २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासात मधुमेहाचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त गोव्यातच निघालं, २६.४ टक्के, म्हणजे ही जोडी आपल्याकडे घरोघरी आहे. पायाला मुंग्या, तळवे बधिर, चालताना तोल जाणं, हे सगळं "शुगरमुळे" म्हणून सोडून देतात, त्यातलं काही बी-१२ मुळे असतं आणि ते वेळेत सापडलं तर सुधारतं. वर्षातून एकदा बी-१२ तपासायला सांगा.

११. उर्राकच्या (काजूच्या दारूच्या) सीझनमध्ये बसायच्या आधी एक पॅन घेतली आणि सकाळी डोकं दुखलं तर कॉम्बिफ्लाम. बरोबर ना?

बरोबर नाही. पॅनची दारूशी थेट अशी मोठी रिॲक्शन नाही, पण आयत्या वेळची एक गोळी पूर्ण जोरात येतच नाही (प्रश्न १), आणि ती घेतलीय म्हणून माणूस निर्धास्त होऊन जास्त पितो. खरा धोका सकाळच्या गोळीत आहे. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही असतात, आयबुप्रोफेन आणि दारू मिळून पोटाचं अस्तर फाडतात आणि रोज पिणाऱ्याच्या लिव्हरला पॅरासिटामॉल जड जातं. पाणी प्या, झोपा. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळं दिसलं, शौचाला डांबरासारखं काळं आणि चिकट झालं तर घरगुती उपाय नको, थेट हॉस्पिटल. (लोहाच्या गोळीनेही शौच काळं होतं, पण ते असं चिकट नसतं. शंका आली तर दाखवाच.)

गुडघेदुखीसाठी महिनोन् महिने डायक्लोफिनॅक घेणाऱ्यांना मात्र पीपीआय खरोखर उपयोगी आहे, तिथे ही जोडी चांगली.

१२. गजकर्ण जातच नाही. दोन महिने इट्राकोनाझोल खाल्लं, पैसे पाण्यात.

मी सगळ्यात आधी विचारते, पॅन चालू आहे का, आणि हैराण व्हावं इतक्या जणांचं उत्तर हो असतं. दमट हवेत आपल्याकडे गजकर्ण आधीच चिवट, त्यात इट्राकोनाझोलची साधी कॅप्सूल विरघळायला पोटात भरपूर आम्ल लागतं. पीपीआय घेत असाल तर औषध रक्तात फार कमी पोहोचतं, महागडी कॅप्सूल असूनही. जेलुसिलसाठी गॅप चालतो, ते कॅप्सूलच्या आधी एक तास नाहीतर नंतर दोन तास, पॅनसाठी नाही. कॅप्सूल जेवणानंतर लगेच घ्यायची. पित्ताचं औषध खरंच बंद करता येत नसेल तर ती साध्या कोलाबरोबर (डाएट नव्हे) घ्यायला सांगतात, त्यातल्या आम्लाने शोषण सुधारतं, पण शुगर असलेल्यांनी हे स्वतःहून करू नये. इट्राकोनाझोलचा एक वेगळा प्रकार मिळतो ज्याला आम्लाची तेवढी गरज नसते, आणि टर्बिनाफिन, फ्लुकोनाझोल यांना तर हा प्रश्नच नाही, तेव्हा त्वचेच्या डॉक्टरला फक्त एवढं सांगा की मी पॅन घेतो. बाकी ते बघतील. टर्बिनाफिन नाहीतर फ्लुकोनाझोल मिळालं आणि तुमची पॅन "डी" असेल तर पुढचा प्रश्न वाचा.

१३. पॅन आणि पॅन-डी मध्ये फरक काय? आम्ही कुठलीही घेतो.

कुठलीही घेऊ नका. "डी" म्हणजे डोम्पेरिडोन, उलटी-मळमळीचं औषध, आणि त्याची स्वतःची भांडणं पॅनपेक्षा जास्त गंभीर आहेत. डोम्पेरिडोन हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम करतं. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल, केटोकोनाझोल, इट्राकोनाझोल यांच्याबरोबर ते घ्यायचं नाही, लय बिघडून जिवावर बेतू शकतं. टर्बिनाफिनला हा त्रास नाही. युरोपच्या औषध यंत्रणेने २०१४ मध्ये सांगितलं की हे औषध कमी डोसमध्ये, साधारण आठवड्याच्या आतच वापरावं, आणि आपल्याकडे लोक पॅन-डी रोज सकाळी वर्षानुवर्षं घेतात. साठीच्या वरच्यांनी आणि हृदयाचा आजार असलेल्यांनी तर जास्तच जपायचं.

"एल" किंवा "एलएस" लिहिलेली गोळी असेल तर त्यात बहुधा लेव्होसल्पिराइड असतं. म्हाताऱ्या माणसाचे हात थरथरायला लागले, चेहरा निर्विकार झाला, चाल मंदावली तर कंपवाताची औषधं सुरू करायच्या आधी ही गोळी चालू आहे का ते डॉक्टरला दाखवा.

१४. मी इंग्लिश औषधं घेतच नाही, कामदुधा आणि शंखभस्म घेते. मला हे लागू नाही ना?

लागू आहे. शंख, शिंपला, मोती, प्रवाळ हे सगळं मुळात कॅल्शियम, म्हणून तर पित्ताला आराम पडतो. म्हणजे थायरॉईडची गोळी, सिप्रो, डॉक्सी, लोह यांच्यासाठी हे कॅल्शियमच्या अँटासिडसारखंच धरा आणि प्रश्न ४ ते ६ मधले गॅप पाळा. वैद्यांना ॲलोपॅथीची औषधं सांगा आणि डॉक्टरांना वैद्यांची, दोघांपासून लपवू नका.

सोलकढी, कोकमाचं सार जेवणात खुशाल घ्या, त्याने औषधं अडत नाहीत. काहींना मात्र आंबटाने जळजळ वाढते, तेव्हा चवथीला पाच दिवस तळलेलं खाऊन वर सोलकढी प्यायली म्हणजे पित्त शमलंच असं नाही.

१५. टीबीची औषधं चालू आहेत, पोट फार जळतं.

बंद करू नका, हे पहिलं. आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन ॲल्युमिनियमच्या अँटासिडने कमी लागतात, म्हणून टीबीच्या गोळ्या आधी घ्या आणि जेलुसिल किमान एक तासानंतर. सतत उलट्या, डोळे पिवळे, लघवी गडद झाली तर ते पित्त नाही, लिव्हर असू शकतं, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. मलेरियाची क्लोरोक्विन आणि सांधेदुखीसाठी देतात ती हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, दोन्हींना अँटासिडपासून चार तासांचा गॅप.

१६. फिटच्या किंवा डिप्रेशनच्या गोळ्या असतील तर?

एप्टॉइन (फेनिटॉइन) अँटासिडबरोबर कमी लागते, दोन तास लांब ठेवा. उलट ओमेप्राझोलने तिचं प्रमाण थोडं वाढू शकतं, झोप येणं, तोल जाणं दिसलं तर रक्तातली पातळी तपासतात. एसिटालोप्राम, सिटालोप्राम या डिप्रेशनच्या गोळ्यांचं प्रमाणही ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोलने वाढतं, सिटालोप्रामचा डोस तर अशा वेळी २० मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. डायझेपाम आणि क्लोबाझामची झोपही जास्त येते. हे सगळं लिव्हरच्या वाटेचं, गॅपने सुटत नाही, पॅन्टोप्राझोल निवडलं की बहुतेक प्रश्न मिटतो. ॲसिट्रॉम किंवा वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर असलेल्यांनी कुठलंही पीपीआय सुरू किंवा बंद करताना आयएनआर (रक्त किती पातळ आहे ती टेस्ट) तपासून घ्यावा.

१७. आईची किडनी कमजोर आहे. जेलुसिल तर साधं सिरप, ते चालेल?

रोज नाही, आणि विचारल्याशिवाय अजिबात नाही. मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम बाहेर टाकायचं काम किडनीचं, ती कमजोर असली की ते अंगात साठतं. इनोमध्ये सोडियम, म्हणजे सूज आणि प्रेशर. शिवाय त्यातल्या सायट्रेटमुळे ॲल्युमिनियम जास्त शोषलं जातं, तेव्हा किडनीवाल्यांनी जेलुसिलवर इनो तर कधीच नको. फॅमोटिडीनचा डोसही किडनीप्रमाणे कमी करावा लागतो. हृदय कमजोर असलेल्यांनीपण इनो आणि सोडा टाळायचा.

१८. रॅनटॅकने कॅन्सर होतो म्हणतात. बंद करू?

एफडीएने एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत रॅनिटिडीन बाजारातून काढायला सांगितलं, कारण त्यात एनडीएमए नावाची, कॅन्सरचा संशय असलेली अशुद्धता सापडली आणि ती साठवणुकीत, उष्णतेत वाढत होती. आपल्याकडे २०२२ च्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून ते वगळलं, पण विक्रीवर बंदी नाही. कधीतरी एखादी घेतली म्हणून घाबरायचं कारण नाही. रोज घेत असाल तर डॉक्टरला विचारून फॅमोटिडीनवर या, त्यात हा प्रश्न नाही आणि लिव्हरच्या एन्झाइमलाही ते फारसं छेडत नाही. आम्लाची वाट मात्र त्यालाही आहेच.

१९. वर्षानुवर्षं पॅन घेतो आणि पायात गोळे येतात. संबंध असेल?

असू शकतो. पीपीआय बराच काळ, साधारण वर्षाच्या वर, घेतलं की काहींचं मॅग्नेशियम खाली येतं, एफडीएने २०११ मध्ये तसा इशारा दिलाय. बरोबर लघवी वाढवणारी प्रेशरची गोळी असेल तर ते अजून खाली, आणि हृदयाची डिगॉक्सिन गोळी चालू असेल तर कमी मॅग्नेशियममध्ये तेच डिगॉक्सिन विषारी ठरू शकतं. गोळे, थरथर, ठोके चुकल्यासारखे वाटणं, असं असेल तर मॅग्नेशियम तपासा, साधी रक्ताची टेस्ट आहे. अचानक पॅन सोडली तर काही दिवस आम्ल उसळून येतं आणि माणसाला वाटतं आपल्याला ती लागतेच, म्हणून डोस हळूहळू कमी करत थांबवतात.

२०. कॅन्सरची, एचआयव्हीची नाहीतर ट्रान्सप्लांटची औषधं असतील तर?

इथे अंदाजाने काहीही घेऊ नका, एक जेलुसिलसुद्धा. एचआयव्हीच्या रिल्पिव्हिरिनबरोबर पीपीआय घ्यायचंच नाही, अटाझानाविरलाही आम्ल लागतं. सरकारी केंद्रात मिळणाऱ्या गोळीत असतं ते डोल्युटेग्राविर पॅनबरोबर चालतं, पण अँटासिडला चिकटतं, म्हणून ते अँटासिडच्या आधी दोन तास नाहीतर नंतर सहा तास. कॅन्सरच्या गोळ्यांपैकी डॅसाटिनिब, एर्लोटिनिब, गेफिटिनिब, नायलोटिनिब, पॅझोपानिब यांना आम्ल कमी झालं की फटका बसतो, महिन्याला हजारोंचं औषध आणि त्याचा जोरच कमी. मेथोट्रेक्सेट मोठ्या डोसमध्ये असेल तर पीपीआयमुळे ते अंगात जास्त वेळ राहतं, सांध्यांसाठी आठवड्यातून एकदा घेतात त्या छोट्या डोसला सहसा अडचण येत नाही पण डॉक्टरला माहीत हवं. ट्रान्सप्लांटवाल्यांचं मायकोफेनोलेट मोफेटिल कमी लागतं आणि टॅक्रोलिमस वाढू शकतं. बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजात) नाहीतर बाहेर कुठे उपचार चालू असतील तर तिथलीच चिठ्ठी घेऊन फार्मसीत या, तोंडी नावं सांगू नका, एका अक्षराने औषध बदलतं.

२१. एच. पायलोरीची (पोटात अल्सर करणाऱ्या जंतूची) टेस्ट सांगितलीय. पॅन घेऊन जाऊ की न घेता?

न घेता. श्वासाची किंवा शौचाची टेस्ट असेल तर पीपीआय दोन आठवडे आधी बंद हवं आणि अँटिबायोटिक चार आठवडे आधी, नाहीतर जंतू दबलेला राहतो आणि असून नाही असा रिपोर्ट येतो. रक्ताची अँटिबॉडी टेस्ट पॅनने बदलत नाही, पण जुनं इन्फेक्शन की आताचं ते ती सांगू शकत नाही. मधल्या दोन आठवड्यांत जळजळ झाली तर अँटासिड चालतं. स्टेंट, ॲस्पिरिन, आधी फुटलेला अल्सर यातलं काही असेल तर दोन आठवडे बंद ठेवायचा निर्णय डॉक्टरचा. आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली की औषधात परत पीपीआयच मिळेल, क्लॅरिथ्रोमायसिन आणि अमॉक्सिसिलिनबरोबर, तिथे ते मुद्दाम दिलेलं असतं कारण आम्ल कमी असलं की ती अँटिबायोटिकं जास्त चांगली चालतात. तेवढे दिवस कोलेस्टेरॉलची सिम्वास्टॅटिन किंवा ॲटोर्वास्टॅटिन चालू ठेवायची का ते विचारा, क्लॅरिथ्रोमायसिनने तिचं प्रमाण वाढून स्नायू दुखतात. आणि घरात पॅन-डी शिल्लक असेल तर ती यात वापरू नका, कारण प्रश्न १३ मध्ये आहे.